खरखर ठेवू की काढू?

प्रश्न: दादा, मी एकटाच ब्लॅक मेटल (कर्कश, वेगवान हेवी मेटल) करतो, गिटार बेस ड्रम्स आवाज सगळं मीच. पाच गाण्यांचा पहिला डेमो खोलीतच रेकॉर्ड केलाय. मित्र म्हणतो शेजारच्या घरात मिक्सर चालू आहे असं वाटतं. मला तर तसाच रॉ साऊंड हवा होता. साफ करून परत मिक्स करू का तसाच सोडू?

उत्तर: मिक्सर! चांगलं बोलला की मित्र. अरे या म्युझिकची अर्धी मजा त्या घरघरीतच आहे. नॉर्वेच्या बुर्झुम या एकट्याच्याच बँडच्या वर्ग विकर्नेसने 1993 मध्ये 'फिलोसोफेम' हा अल्बम रेकॉर्ड करताना मुद्दाम सगळ्यात भंगार माईक मागितला आणि शेवटी हेडसेटच्या माईकवर ओरडला (माणूस म्हणून सोड, खुनासाठी आत गेलेला, मी रेकॉर्डिंगपुरतंच बोलतोय). डार्कथ्रोन या नॉर्वेच्याच बँडच्या 1994 च्या 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' अल्बमवर सगळी वाद्यं एकट्या फेनरिझची, ती पण चार ट्रॅकच्या घरगुती मशीनवर, गायला फक्त नोक्टर्नो कल्टो.

पण तू पाठवलेलं दुसरं गाणं मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं. गिटारची खरखर झकास आहे, तिला हात लावू नकोस. घोळ ड्रम्समध्ये आहे. ब्लास्ट बीट (तो सुसाट ठोका) सुरू झाला की स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा छोटा ड्रम, गायब होतो आणि त्याच्या जागी कट् कट् कट् असं काहीतरी कानात टोचतं, ते रॉ बिरॉ काही नाही, लेव्हल लाल दिव्यात गेलीये, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर रेकॉर्ड झालाय. टेपवर जास्त जोरात रेकॉर्ड केलं तर लाटेची टोकं हळूहळू दबतात, गोलसर होतात, म्हणून ते कानाला उबदार लागतं. कॉम्प्युटरवर तीच टोकं सरळ सपाट छाटली जातात आणि एकदा छाटली की नंतर नीट परत येत नाहीत.

म्हणून मिक्सच्या फंदात पडू नकोस, फक्त ड्रम्स परत वाजव. एकच माईक, सेटपासून दोन पावलं लांब, आणि जोरात वाजवतानाही पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) मीटरवर उणे 10 डेसिबलच्या वर जाता कामा नये. घाण करायचीच असेल तर मग नंतर त्याच ट्रॅकवर डिस्टॉर्शन टाक, नाही आवडलं तर काढता तरी येईल. क्लिकला (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीला) चिकटून बसू नकोस पण, तिसऱ्या गाण्यात तू मध्येच पळायला लागतोस ते भारी वाटतं.

झालं की आवाज एकदम बारीक करून ऐक, रिफ (गिटारची परत परत येणारी धून) गुणगुणता आला तर गाणं उभं आहे, बाकी कितीही खरखरू दे.

आणि सुरुवातीचं ते पावसाचं आणि घंटेचं सॅम्पल काढ रे बाबा, दर दुसऱ्या डेमोत तेच असतं.