कासच्या फुलांच्या पठारावर निघालास? क्रॉपचा (फोटो कडेने कापण्याचा) हिशेब आधी कर

४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतलास, छान केलंस. पण 'नंतर कापू' म्हणून लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स साताऱ्यातच ठेवून वर चढू नकोस. ८२५६ × ५५०४ पिक्सेलच्या फोटोला दीडपट क्रॉप मारलास, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही दीडने भागलीस, की उरतात ५५०४ × ३६६९, म्हणजे साधारण २० मेगापिक्सेल. १२ × १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) आरामात मिळतात. दुप्पट क्रॉपला मात्र ११ मेगापिक्सेलच उरतात, कारण लांबीही अर्धी आणि रुंदीही अर्धी. अर्धं नाही, चौथा हिस्सा! इथेच सगळे फसतात.

फुलांवर पाय देऊन जवळ जायचं नाही, त्यामुळे दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीसारख्या इवल्या झाडासाठी थोडं कापावंच लागतं. तेव्हा शटरचा वेग वाढव. २०० एमएमच्या लेन्सला १/२०० सेकंद पुरतं म्हणतात, पण क्रॉपमध्ये हाताची थरथरही मोठी होते. मी १/५०० च्या खाली जात नाही, आणि पठारावरचा वारा फूल हलवत असेल तर तेही कमीच. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवल्यावर दिसणारे दाणेही तसेच फुगतात. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ, आणि मूळ फाइल कापून सेव्ह करू नकोस. मी एकदा केलीय, अजून हळहळतो.