दाढ काढायची तर रक्त कशाला तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की वय 34, काही महिन्यांपासून जीभ गुळगुळीत झालीय, तिखट अजिबात सोसत नाही, ओठांचे कोपरे चिरतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. अक्कलदाढ काढायला गेलात तर डॉक्टरांनी दाढ न काढता रक्त तपासायला पाठवलं. दाताचा आणि रक्ताचा काय संबंध, उगाच खर्चात तर पाडत नाहीत ना, असं तुम्ही विचारताय.

ताई, हा खर्च वाया जाणार नाही. मी सतरा वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती तरी दाढेला हात लावायच्या आधी मी तिला ‘सीबीसी करून आण’ म्हटलं असतं. सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तातल्या पेशी मोजणारी साधी तपासणी.

आधी जिभेबद्दल. निरोगी जिभेवर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. तोंडाचं आतलं अस्तर सतत झिजतं आणि सतत नवं तयार होतं. त्यासाठी लोह, बी-12 आणि फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते कमी पडलं की उंचवटे झडतात, जीभ सोलल्यासारखी चकचकीत दिसते आणि ठेचा तर सोडाच, साधी आमटीही झोंबते. ओठांचे कोपरे चिरणं, वरचेवर तोंड येणं हे त्याच्याच जोडीला. लोह कमी असेल तर जीभ फिकट आणि बी-12 कमी असेल तर लालबुंद, असं आम्हाला शिकवतात. पण कितीतरी बायकांमध्ये दोन्ही एकदम कमी असतं, त्यामुळे नुसत्या रंगावर मी विसंबत नाही. घरात मांस-अंडी शिजत नसतील किंवा पायांना मुंग्या येत असतील तर बी-12 तपासाच. ते कमी असताना नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

आणखी एक प्रश्न मी आवर्जून विचारते. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का? बायका आधी लाजतात, मग हळूच हो म्हणतात. ती वाईट खोड नसते. पुष्कळदा अंगातलं लोह संपल्याची ती खूण असते, आणि लोह भरून आलं की इच्छा आपोआप जाते. सुपारी, गुटखा किंवा मावा खात असाल तर मात्र डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यानेही गालाची आतली बाजू पांढुरकी पडते आणि तिखट झोंबतं, पण तिथे तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तो आजार वेगळा आणि त्याची काळजी जास्त.

आता हिरड्या. रक्त कमी असणं ही एक गोष्ट आणि रक्त न थांबणं ही दुसरी. साध्या रक्तपांढरीने हिरड्यांतून रक्त येत नाही. ब्रश करताना येणारं रक्त बहुतेक वेळा दातांवरच्या कीटणामुळे सुजलेल्या हिरड्यांचं असतं आणि दात नीट साफ केले की थोड्याच दिवसांत थांबतं. मला भीती वाटते ती वेगळ्या खुणांची: हात न लावता येणारं रक्त, सकाळी उशीवर दिसणारे डाग, गालाच्या आत रक्ताने भरलेले फोड, टाळूवर किंवा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, ताप आणि अशक्तपणासोबत दातांवर चढत आलेल्या फुगीर हिरड्या. प्लेटलेट्स, म्हणजे जखमेवर गोळा होऊन रक्त थांबवणाऱ्या पेशी, दीड लाखाच्या वर असायला हव्यात. त्या फार घसरल्या तर असं होतं, आणि क्वचित यामागे रक्ताचा कर्करोगही असतो. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी सीबीसी करायची, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

मी हे उत्तर लिहायला बसले ते मात्र एका पेशंटमुळे. तुमच्याच वयाची होती. हिमोग्लोबिन साडेनऊ, प्लेटलेट्स अगदी व्यवस्थित. दाढ फार दुखत होती म्हणून मी काढली. बोळा चावून ती अर्धा तास बसली, रक्त थांबलंसं वाटलं, घरी पाठवलं. ते थांबलेलं नव्हतं. रात्री अकराला नवरा तिला घेऊन आला, हातातला टॉवेल भिजलेला. टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. त्या रात्री मी तिला जे विचारलं ते सकाळीच विचारायला हवं होतं: पाळीत किती जातं? ती म्हणाली, नऊ दिवस, पहिले चार दिवस गाठी पडतात, आईचंही तसंच होतं. घरात सगळ्यांचं तसंच, म्हणून तिला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. रक्तपांढरीच्या गोळ्या ती वर्षानुवर्षं घेत होती.

तिला फॉन विलेब्रांड आजार निघाला. हे नाव एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडमधल्या डॉक्टरांचं. त्यांनी 1926 मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून तो वर्णन केला. रक्त न गोठण्याचा दुसरा आजार, हिमोफिलिया, प्रामुख्याने पुरुषांना होतो; फॉन विलेब्रांड मात्र बायका-पुरुष दोघांनाही होतो. जखमेच्या जागी प्लेटलेट्सना चिकटवून धरणारं प्रथिन यात कमी असतं किंवा सदोष असतं. म्हणून प्लेटलेट्सचा आकडा उत्तम असतो, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्याही चांगल्या येऊ शकतात, आणि रक्त मात्र थांबत नाही. त्या प्रथिनाची वेगळी तपासणी करावी लागते. गरोदरपणात किंवा अंगावर ताण असताना ते वाढतं, म्हणून कधी कधी तपासणी पुन्हा करावी लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तपांढरी आढळली. इतक्या जणींना ती आहे म्हणूनच गोळ्या लिहून दिल्या जातात आणि हे रक्त जातंय कुठे, हे कुणी विचारत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो.

तुमचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली आलं तर सीबीसीसोबत फेरिटिन (यावरून लोहाचा साठा कळतो) आणि बी-12 करून घ्या आणि फिजिशियनला दाखवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळ्या साधारण तीन महिने पुढे चालू ठेवतात, कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दाढेसाठी ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त दोन्ही डॉक्टरांना सांगा.

पाळीबद्दल तुम्ही प्रश्नात काहीच लिहिलेलं नाही. सात दिवसांच्या वर चालते का, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, मोठ्या गाठी पडतात का? लहानपणी नाकातून रक्त यायचं का, मार न लागता अंगावर काळे-निळे डाग पडतात का, बाळंतपणात किंवा आधी दात काढताना रक्त जास्त गेलं होतं का, आई-मावशी-भावंडांपैकी कुणाचं असं आहे का? हे सगळं एका कागदावर लिहा आणि रिपोर्टसोबत तुमच्या दाताच्या डॉक्टरांच्या हातात द्या. त्यांनी विचारलं नाही तरी द्या.