रूममेटला जॉब लागला, मला नाही

तुझा मेल दोनदा वाचला गं. रूममेटला जॉब लागला, तुझं अजून कुठेच झालं नाही, तिचं अभिनंदन करताना घसा दाटून आला आणि मग दोन दिवस तू तिच्याशी धड बोललीच नाहीस, आणि आता त्याचंच जास्त वाईट वाटतंय. आधी हे ऐक, हेवा वाटला म्हणून तू वाईट मुलगी होत नाहीस. लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की आपण कुठे आहोत हे जोखायला माणूस आपल्यासारख्याच माणसांकडे बघतो, म्हणून तर रूममेटचा जॉब टोचतो, कुठल्या सीईओचा नाही टोचत.

पण तुझ्या मेलमधली एक ओळ माझ्या डोक्यातून जाईना. तू तक्रार म्हणून लिहिलंयस की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिचा लाइट चालू, आरशासमोर उभी राहून इंटरव्ह्यूची उत्तरं पुटपुटत बसायची, तुझी झोपमोड व्हायची. अगं, मग तिची मेहनत डोळ्यांनी बघितलेली तूच तर आहेस! बाकीच्यांनी फक्त ऑफर लेटरचा फोटो बघितला.

आणि जे तुलाही दिसलं नसेल ते वेगळंच. योहानेस हाउसहोफर म्हणून प्रिन्स्टनला प्रोफेसर होते, त्यांनी २०१६ मध्ये स्वतःच्या अपयशांचा सीव्हीच नेटवर टाकला, कुठे अ‍ॅडमिशन मिळाली नाही, कुठली नोकरी हुकली, कुठला पेपर परत आला, सगळं (मूळ कल्पना मेलनी स्टेफन या संशोधिकेची, २०१० ची). त्यांचं म्हणणं असं की मी करतो त्यातलं बरंचसं फसतं पण ते कुणाला दिसत नाही, यश तेवढं दिसतं, मग लोकांना वाटतं याचं सगळंच जमतं, आणि स्वतःचं फसलं की ते स्वतःलाच दोष देत बसतात. मला हे फार पटतं.

तर तिला विचार ना, किती ठिकाणी नाही म्हणाले, कुठल्या राउंडला बाहेर पडलीस, घरी काय सांगितलंस तेव्हा. आणि विचारताना मनात स्वतःचा हिशोब मांडू नकोस, नुसतं ऐक. लगेच आनंद वाटेल असं नाही, वाटल्याचं नाटकही करू नकोस. नशिबाचा भाग असतोच, तुमच्या दोघींच्या तयारीत फार फरक नसेलही कदाचित, पण त्या रात्री तिने जागवल्यात हे तर खरंय ना.

मग तुझ्याही नकारांची यादी कर, तारखेसकट, प्रत्येकापुढे कुठल्या राउंडला थांबलं ते लिही आणि रेझ्युमेसोबत मला पाठव, ती समोर ठेवूनच पुढचं ठरवू.