‘शिवकालीन’ की ‘मर्दानी’? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कोल्हापूरच्या मर्दानी खेळांविषयी मागील अंकात एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे मात्र विषयाच्या गरजेप्रमाणे कमीअधिक लांबीची झाली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुले-मुली लाठी, दांडपट्टा आणि विटा (दोरी बांधलेला फेकीचा भाला) चालवतात. पुढच्या फलकावर ‘शिवकालीन युद्धकला’ असे लिहिलेले असते. हे खेळ खरोखर महाराजांच्या काळापासून जसेच्या तसे चालत आले आहेत का? — एक शिक्षक, वाळवा तालुका

शस्त्रे जुनी आहेत, याविषयी वाद नाही. पट्टा, ढाल-तलवार, भाला, कट्यार, बिचवा ही त्या काळची शस्त्रे वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा महाराजांवर पट्टा घेऊन धावला आणि जिवा महालाने त्याला अडवले, ही कथा बखरींनी सांगितली आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीने घरोघरी नेली. शस्त्रांइतकीच पक्की साक्ष आपल्या भाषेचीही आहे. आज आपण स्वयंपाकात किंवा थापा मारण्यात कोणाला ‘पटाईत’ म्हणतो, तेव्हा मुळात पट्टा चालवण्यात निष्णात असलेल्या माणसाचे नाव उच्चारत असतो. ‘पवित्रा घेणे’, ‘हूल देणे’, ‘तोंडाचा पट्टा सुटणे’ हे सारे त्याच आखाड्यातून आलेले आहे. ज्या समाजात पट्टा रोज डोळ्यांसमोर फिरत होता, त्याच समाजाला बडबड्या माणसाच्या जिभेत पट्टा दिसू शकतो.

‘जसेच्या तसे’ या शब्दांशी मात्र मी थांबतो. मिरवणुकीत दिसणारे हात (म्हणजे शस्त्र चालवण्याचे ठरावीक प्रकार), त्यांचा क्रम आणि त्यांची लय ही वस्तादाकडून चेल्याकडे, अंगावरून अंगावर आलेली आहेत. सतराव्या शतकातील एखादी पोथी समोर ठेवून ती कोणी शिकवत नाही. अशा परंपरेत प्रत्येक पिढी थोडे गाळते आणि थोडे घालते. एकोणिसाव्या शतकात हे शिक्षण कोणाच्या हातांत होते, हे पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांच्या तालमीत दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकवली जात असे, आणि जोतीराव फुले यांनी तरुणपणी ही विद्या लहुजींकडून घेतली, हे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. म्हणजे ज्या विद्येला आज आपण सरसकट राजघराण्यांची आणि सरदारांची समजतो, ती जपणाऱ्या हातांपैकी काही हात मांग समाजातील वस्तादांचे होते. फलकावर ही नावे क्वचितच दिसतात.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात धारदार शस्त्रे बाळगण्यावर बंधने आली. कोल्हापूर आणि बडोदे यांसारख्या संस्थानांत मात्र तालमींना दरबारचा आश्रय राहिला. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या काळात कुस्तीबरोबर हे खेळही तालमींच्या आवारात टिकून राहिले. बडोद्यात राजरत्न प्रा. माणिकराव यांनी लाठी आणि इतर शस्त्रांच्या शिक्षणाला आज्ञा, गणती आणि रांगेतील कवायत यांची शिस्त दिली. बडोद्याहूनच द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघाला. आज पन्नास मुले एका शिट्टीवर एकदम काठी फिरवताना दिसतात, त्या दृश्यात शिवकालापेक्षा या विसाव्या शतकातील व्यायामशाळांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. त्यामुळे त्या खेळाची किंमत कमी होत नाही. परंतु फलक रंगवायचाच असेल, तर कोल्हापूरकरांचे ‘मर्दानी खेळ’ हे साधे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात निदान शतकाचा दावा नाही. (आता मुलीही पट्टा चालवतात, तरी हे नाव बदलण्याची घाई कोणी केलेली नाही, हे मजेचे आहे.)

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. तो तेथे संध्याकाळी मध्ययुगीन तलवारबाजी शिकायला जातो आणि ती जुन्या हस्तलिखितांवरून शिकवतात, असे सांगतो. आपल्याकडील खेळ आणि हे, यांत कोणते अधिक खरे? — एक आई, नाशिक

आपल्या चिरंजीवांनी निवडलेला छंद फार रंजक आहे. युरोपात बंदुकीच्या प्रसारानंतर लांब तलवारीची विद्या हळूहळू लोपली आणि तिचा गुरुशिष्यवारसा तुटला. मात्र लिहिलेले पुष्कळ उरले. चौदाव्या शतकातील योहानेस लिश्टेनाउअर या जर्मन गुरूने आपली विद्या मुद्दाम गूढ राहील अशा पद्यांत बांधली होती, आणि पंधराव्या शतकातील इतर गुरूंनी त्यांचा अर्थ उलगडणारी भाष्ये लिहिली. इटलीतील फिओरे देई लिबेरी याने १४०९ च्या सुमारास सचित्र ग्रंथ रचला. स्ट्रासबुर्गच्या योआखिम मायर याचा ग्रंथ १५७० मध्ये छापला गेला. यांहूनही जुने, चौदाव्या शतकाच्या आरंभाचे एक हस्तलिखित इंग्लंडमधील लीड्स येथील शस्त्रसंग्रहालयात आहे. त्यात एक धर्मगुरू आपल्या शिष्याला तलवार आणि हातात मावणारी छोटी ढाल शिकवताना दाखवला आहे, आणि अखेरच्या पानांवर शिष्याच्या जागी वालपुर्गिस नावाची स्त्री तलवार घेऊन उभी आहे.

आजचे अभ्यासक ही पाने समोर ठेवून एकेक डाव करून पाहतात. जाळीचा मुखवटा, गादीसारखा जाड अंगरखा आणि बोथट, लवचीक तलवार घेऊन ते समोरच्या माणसावर तो डाव चालतो का, हे तपासतात; चालला नाही तर वाचनात चूक झाली असे मानून पुन्हा पानाकडे वळतात. लिश्टेनाउअरच्या परंपरेत तलवारीला तलवार भिडल्यावर समोरच्याचा जोर कमी आहे की जास्त, हे हाताला जाणवले पाहिजे, असा आग्रह आहे. ही गोष्ट पुस्तकातून कळते, पण साधते ती समोर माणूस उभा असतानाच.

थोडक्यात, त्यांच्याकडे ग्रंथ उरले आणि वस्ताद गेले. आपल्याकडे वस्ताद उरले आणि ग्रंथ मागाहून झाले. कोणते अधिक खरे, हा प्रश्न मला म्हणूनच फारसा उपयोगी वाटत नाही. मनगट कसे वळते, पाऊल केव्हा पडते, श्वास कोठे सोडायचा, या गोष्टी चित्रावरून ओळखण्यासाठी युरोपीय अभ्यासकाला फार खटपट करावी लागते. आपल्याकडे त्या दहा वर्षांच्या मुलालाही वस्तादाच्या एका टपलीने समजतात. उलट, आपले हात खरोखर चालतात का, हे समोर प्रतिकार करणारा गडी उभा करून तपासण्याची त्यांची सवय आपल्याला घेण्यासारखी आहे. वस्तुतः ती आपलीच आहे. फरी-गदका हा खेळ नेमका यासाठी होता: एका हातात फरी म्हणजे लहान ढाल, दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेला गदका, आणि समोर तसाच सज्ज असलेला जोडीदार. मिरवणुकीत तो डोळ्यांत भरत नाही, कारण त्यात ना ठिणग्या उडतात ना नारळ फुटतात, आणि म्हणून तो मागे पडत गेला. माझी मर्दानी खेळांविषयी एकच खरी तक्रार असेल, तर ती ही आहे.

जाता जाता एक गोष्ट आपल्या मुलाला जरूर कळवावी. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने त्याच देशात भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी दांडपट्टा शिकण्याचा हट्ट धरून बसली आहे. तिला थेट पट्टा द्यावा का? पोटावर किंवा मानेवर लिंबू ठेवून कापतात, ते पाहून मला धडकी भरते. — एक पालक, सांगली

थेट पट्टा देऊ नये. पट्ट्याची रचना पाहिली की कारण ध्यानात येते. त्याची मूठ तलवारीसारखी पात्याच्या रेषेत नसून आडवी, कट्यारीसारखी असते, आणि हात कोपराच्या जवळपास खोबळ्यात, म्हणजे लोखंडी आवरणात, जातो. त्यामुळे मनगट बांधले जाते. तलवार मनगटातून वळवता येते, पट्टा वळत नाही. त्याचा वार खांद्यातून, कमरेतून आणि शेवटी पावलांतून यावा लागतो. पाते लांब आणि लवचीक असल्याने फेक चुकली की ते चालवणाऱ्याच्याच पायाकडे किंवा शेजाऱ्याकडे येते. पुष्कळ जणांच्या गराड्यात स्वतःभोवती मोकळी जागा राखायला हे शस्त्र नामी आहे, पण ज्याचे पाऊल अजून जमिनीवर नीट पडत नाही त्याच्या हातात ते धोक्याचे आहे.

आरंभ काठीने करावा. मुलीच्या उंचीला साजेशी, हलकी, गाठी घासून गुळगुळीत केलेली काठी घ्यावी आणि पहिले काही महिने पवित्रे, पावले आणि साधे फिरवणे एवढेच करू द्यावे. नंतर जोडीत शिर, तमाचा, बाहेरा असे ठरावीक वार आणि त्यांची अडवणूक शिकवावी. काठी सहज दोन्ही हातांनी फिरू लागली की मग लाकडी किंवा बोथट पट्टा. वस्ताद निवडताना त्याच्या भिंतीवरची प्रमाणपत्रे पाहू नका. नवी मुले कोपऱ्यात काय करत आहेत, त्यांच्यात किती अंतर राखले आहे आणि चूक झाल्यावर खेळ थांबतो की नाही, हे अर्धा तास गुपचूप बसून पाहा. पहिल्याच आठवड्यात मुलांना मिरवणुकीसाठी तयार करणाऱ्या ठिकाणाहून मी तरी माघारी फिरेन.

लिंबाविषयी आपली धडकी रास्त आहे. प्रेक्षकांसमोर शस्त्राचे कसब दाखवणे ही काही नवी विकृती नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात शस्त्रविनोद आणि मल्लविनोद यांना राजाच्या करमणुकीत मानाचे स्थान आहे. जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याच्या फेकीत अचूक दुभंगणे ही हाताच्या नियंत्रणाची उत्तम परीक्षाही आहे. परंतु तेच लिंबू माणसाच्या मानेवर ठेवल्याने कौशल्य तसूभरही वाढत नाही; वाढते ती केवळ चुकीची किंमत. डोळ्यांवर पट्टी बांधून हा प्रकार करणाऱ्यांचे हात कितीही सफाईचे असले, तरी लहान मुलांना लिंबाखाली निजवणे मला मान्य नाही, आणि आपण तसे स्पष्टपणे सांगितल्यास कोणत्याही जाणत्या वस्तादाला त्याचा राग येणार नाही.

प्रश्न : पंजाबचा गटका आणि केरळचे कळरीपयट्टू राष्ट्रीय स्पर्धांत आले. मग आपले मर्दानी खेळ मागे का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

गटका, कळरीपयट्टू, मणिपूरचे थांग-टा आणि आपला मल्लखांब यांचा समावेश खेलो इंडिया युवा स्पर्धांत झाला; गोव्यातील २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही गटका आणि कळरीपयट्टू होते. स्पर्धेसाठी गुण कसे द्यायचे, वजनगट कोणते, कोणता फटका वैध, हे सर्वत्र एकसारखे ठरवावे लागते. मर्दानी खेळांत एकेका तालमीचे हात वेगळे आणि त्यांचा अभिमानही वेगळा, तेव्हा ही एकवाक्यता अवघड जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला, हे चांगलेच झाले. पण मानाने नियमावली तयार होत नाही. मला विचाराल तर प्रदर्शनाच्या प्रकारांना गुण देत बसण्यापेक्षा फरी-गदक्याच्या जोड्या लावाव्यात. त्यात कोणाला फटका लागला, हे पंचालाही दिसते आणि खेळाडूलाही कळते.

प्रश्न : वाडा उतरवताना माळ्यावर गंजलेला पट्टा सापडला. तो घासून, धार लावून भिंतीवर लावावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मिरवणुकीतही न्यावा, असा धाकट्या भावाचा आग्रह आहे. — एक वाचक, वाई

धार लावू नका आणि सॅन्डपेपर तर मुळीच लावू नका. पात्यावर मूठभर अक्षरे, एखादे चिन्ह किंवा खाच असू शकते, आणि घासल्याने नेमके तेच पहिल्यांदा जाते. जुन्या पट्ट्यांना पुष्कळदा युरोपातून आलेली पाती बसवलेली आढळतात. तशा पात्याच्या तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणत, हे आपणांस ठाऊक असेलच. मऊ कापडाने धूळ पुसून हलका तेलाचा हात फिरवावा, मूठ आणि पाते जोडणाऱ्या रिव्हेटांना हात लावू नये, आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयातील जाणकाराला दाखवून मगच पुढचा निर्णय घ्यावा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल, तर ती परदेशी पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून देण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा.

कायद्याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत तलवारी, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम वा शेतीसाठी नसलेली शस्त्रे वेगळ्या वर्गात घातली आहेत, आणि परवान्याची गरज स्थानिक अधिसूचनेवर अवलंबून असते. सापडलेल्या पट्ट्याची माहिती पोलीस ठाण्यात लेखी द्यावी आणि पोच घेऊन ठेवावी. मिरवणुकीचे म्हणाल, तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीच्या काळात शस्त्रेच काय, लाठ्या बाळगण्यावरही मनाई आदेश निघतात. म्हणून जे संघ नियमाने चालतात ते आधी परवानगी घेतात आणि बोथट शस्त्रे वापरतात. धाकट्या भावाला हौस असेल, तर त्याला गावातल्या तालमीत पाठवावे. तेथे त्याच्या हातात आधी काठीच येईल.