झोळीतली पहिली रात्र

पहिल्याच वेळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, बांधायचं मनात आणू नकोस. गड १४२४ मीटर उंच, माथ्यावर वारा मोकाट, शिवाय परिसर अभयारण्यात येतो. मुक्कामाचं वनखात्याला आधी विचारून घे. त्यापेक्षा पायथ्याला पाचनईत राहा. ज्या घरी जेवण सांगशील त्यांना विचारून जवळच्या दोन दणकट झाडांना बांध आणि पहाटे गड चढ.

खरा त्रास थंडीचा. स्लीपिंग बॅग कितीही जाड असू दे, पाठ गारठतेच, कारण अंगाखालचा भाग वजनाने दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. पाठीखाली फोमची मॅट हवीच हवी. एकदा डिसेंबरात मी ती घरी विसरलो. पहाटे तीनपासून चुलीपाशी बसून उजाडायची वाट पाहिली.

दोरी नको, रुंद पट्टा घे. झाडाची साल काचत नाही. पट्टा साधारण ३० अंशांत उतरता ठेव, कापड सैल सोड. ताणून बांधलंस तर खांदे आवळतात. आत जरा तिरकं झोप, पाठ सपाट राहते. आणि हो, वर वाळकी फांदी नाही ना, हे उजेड असतानाच बघ.