इतवारीची छोटी लाईन

प्रश्न : आमचे आजोबा उमरेडहून छोट्या गाडीनं इतवारी स्टेशनवर उतरायचे. शकुंतला म्हणतात ती हीच का? आणि नागपूरचं मोठं स्टेशन इतकं जवळ असताना इतवारी वेगळ्या रेल्वेत कसं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही हो, शकुंतला वेगळी, ती यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची. तुमच्या आजोबांची गाडी म्हणजे नागपूर-नागभीड नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, 1908 ची.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण सगळं त्यातच आहे. मुंबईकडून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, तीच आजची सेंट्रल, म्हणजे मध्य रेल्वे. पूर्वेकडे मात्र नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत गेली 1882 मध्ये, तीही मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांची, मग 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती लाईन घेतली, ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची केली आणि पुढं पार कलकत्त्यापर्यंत नेली. इतवारी या बंगाल नागपूर रेल्वेच्या, म्हणजे बीएनआरच्या वाट्याचं. कंपनी गेली, साउथ ईस्टर्न आली, 2003 पासून बिलासपूरची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, पण हद्द जवळपास तीच राहिली, म्हणून एकाच शहरात आजही दोन रेल्वेंची दोन नागपूर डिव्हिजन आहेत.

आता छोटी लाईन. बीएनआरनं सातपुड्यात आणि आजूबाजूला अडीच फुटी रूळ टाकले कारण घाटातली अवघड वळणं त्यावर जमतात आणि खर्चही कमी. इतवारीहून एक फाटा सावनेर, सौंसरवरून छिंदवाड्याला, दुसरा उमरेड, भिवापूरवरून नागभीडला. ब्रॉडगेज साडेपाच फुटी, म्हणजे छोट्या गाडीचा डबा पुढं जाऊच शकत नाही, माल उतरवा आणि मोठ्या गाडीत पुन्हा भरा, हमालांचं पोट यावर होतं. मला वाटतं इतवारीला नागपूरचं दुय्यम स्टेशन म्हणणं अन्यायच आहे, भिवापूरच्या मिरचीवाल्याला आणि सौंसरच्या शेतकऱ्याला नागपूर म्हणजे इतवारीच होतं, उतरलं की बाजार समोर, मोठ्या स्टेशनशी त्यांना काय करायचं!

ब्रॉडगेज करायचं म्हणून छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. छिंदवाड्याला आता मोठी गाडी जाते, घाटातून, विजेवर, आणि ते चांगलंच झालं, पेशंटला नागपूरला आणणाऱ्यांना वेळ वाचणं फार मोठं असतं. नागभीडचं काम महारेलकडे, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वेच्या संयुक्त कंपनीकडे दिलं.

जुनी इंजिनं आणि डबे बघायचे असतील तर कडबी चौकाजवळ मोतीबागला नॅरोगेज म्युझियम आहे, 2002 मध्ये सुरू झालं, लेकरांना नक्की न्या, आजोबांना जमत असेल तर त्यांनाच सोबत घ्या, कोणत्या डब्यात कोण बसायचं ते त्यांच्याकडूनच ऐका आणि लिहून ठेवा. आणि हो, तिकीट काढताना लक्षात असू द्या, स्टेशनचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी आहे, नुसतं नागपूर टाकलं तर इतवारीहून सुटणाऱ्या गाड्या नजरेतून सुटू शकतात.