सिन्नरकडच्या गायरानातली काळी चिकण माती: पाऊस पडूनही गवत का वाळतं?

प्रश्न डोंगराच्या पायथ्याच्या पंख्यासारख्या पसरलेल्या गाळाच्या जमिनीचा आहे. ओढा डोंगरातून बाहेर पडला की वेग कमी होतो; गोटे, मुरूम वर टाकतो आणि बारीक गाळ खाली नेतो. म्हणून चिकण माती खालच्या टोकाला जास्त सापडते. आपल्याकडे ती बेसॉल्टची (काळ्या कातळाची), म्हणजे फुगणारी.

उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या सरी त्यातून थेट खाली उतरतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी वरून वाहून जातं. जे मुरतं त्यातलंही बरंच चिकणमाती इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. थोड्या पावसात मुरमाड जमीन हिरवी आणि ही वाळलेली दिसते, ती यामुळेच.

ओली माती अंगठा व बोटात दाबून पट्टी काढा. 5 सें.मी.हून लांब निघाली तर चिकण. नंतर सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवा. नुसतं फुटून ढासळलं तर ठीक. 2 तासांत भोवती दुधी गढूळपणा पसरला तर सोडियम जास्त आहे. या चाचणीला बोअरचं खारं पाणी वापरू नका, गढूळपणा दबतो. सोडियमवर उपाय म्हणून घालायच्या जिप्समचं प्रमाण माती परीक्षणानंतरच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचं, ओल्या जमिनीवर गुरं सोडू नका! खुरांनी वरचा थर दाबला जातो, वाळल्यावर विटेसारखा होतो आणि बी रुजत नाही. पेरायचं तर मारवेल गवत पेरा, ते काळ्या जमिनीत टिकतं.